पॉलीनचा हुंकार

कवी म्हणून कीथ बॅराक्लफचं जे काही नाव होतं, ते इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या आसपासच्या दऱ्याखोऱ्यांत होतं, आणि तिथेही ज्यांना ते माहीत होतं ते सगळे स्वतः कवीच होते. चार पातळ संग्रह, फार वर्षांपूर्वीचं एक बक्षीस, आणि एक चाकांची बॅग. तिच्यात बसून विकायच्या प्रती कवितावाचनाच्या कार्यक्रमांना जायच्या आणि बहुतेक सगळ्या सुखरूप घरी परत यायच्या.

त्याच्या बायकोने, पॉलीनने, आयुष्यात एकही कविता लिहिली नाही. ती दातांच्या दवाखान्यात रुग्णांना वेळा द्यायची. कवी लोकांनी त्याऐवजी भाज्या लावल्या असत्या तर गावाचं भलं झालं असतं, असं तिचं मत होतं आणि ते ती लपवायची नाही. पण कीथच्या प्रत्येक वाचनाला ती यायची. शेवटच्या रांगेत, हीटरशेजारची खुर्ची तिची. इकडच्या रिवाजाप्रमाणे दोन कवितांच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत. टाळ्या एकदाच, सगळं संपल्यावर. मधे एखादी कविता भिडलीच, तर तोंड मिटून नुसतं ‘हं’ करायचं. तसा पॉलीनचा हुंकार आला की कीथला कळायचं, कविता जमली. नाही आला तर तो कागद रद्दीत. तिचा हुंकार न मिळालेली एकही कविता त्याच्या चार पुस्तकांत नव्हती.

गंमत अशी, की तिचा हुंकार बऱ्याचदा कविता संपायच्या आधीच यायचा. दुसऱ्या दिवशी टोस्टला लोणी लावता लावता ती म्हणायची, “कविता आधीच संपली होती. पुढे तू आम्हाला समजावत बसलास.” कीथ दिवसभर घुम्यासारखा बसायचा आणि मग मुकाट्याने शेवटच्या ओळी खोडायचा. ती नेहमी बरोबर असायची. हे त्याने एकदाच कबूल केलं होतं, तेही मांजराजवळ.

फेब्रुवारीत पॉलीन गेली. त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत कीथने एकच कविता लिहिली. गादीवर घालायच्या, विजेवर तापणाऱ्या त्यांच्या चादरीवर. तिला दोन्ही बाजूंना दोन बटणं होती, ज्याची त्याची ऊब वेगळी. कविता बरी होती की नुसतं रडगाणं, ते त्याला कळत नव्हतं, आणि विचारायचं तर कोणाला? तेवढ्यात बेव्हचा फोन आला. पबच्या माडीवर रविवारी दुपारी जी वाचनं व्हायची, ती बेव्ह चालवायची. ठरलेली पाहुणी कवयित्री खोकल्याने अंथरुणाला खिळली होती, तर कीथ येईल का? कीथ हो म्हणाला. त्याने मनाशी ठरवून टाकलं: त्या कवितेला खोलीतून एक जरी हुंकार आला तर लिहीत राहायचं. नाही तर बॅग माळ्यावर आणि आपण मोकळे.

आणखी एक ठरवलं. कवितेआधी काही सांगायचं नाही. बायको गेली हे शब्द नुसते उच्चारले, तरी ही मंडळी कळवळून हुंकार देणार. मेलेल्या कुत्र्यालाही देतात. तसला हुंकार त्याला नको होता.

माडीवर नेहमीचीच माणसं होती. निम्मी तर मांडीवर आपापले कागद घेऊन, आपली पाळी कधी येते याची वाट पाहत होती. कीथने जुन्या कविता वाचल्या. इकडून तिकडून हुंकार आले, सवयीचे. हीटरशेजारच्या खुर्चीवर कुणीतरी ओली छत्री वाळत टाकली होती.

वाचन आवरायची वेळ झाली की पॉलीन पिशवीतून स्कार्फ काढून गळ्याभोवती गुंडाळायची. ते पाहिलं की कीथ म्हणायचा, “आता ही शेवटची.” लोक सावरून बसायचे, कारण टाळ्यांची तयारी ठेवावी लागते. आज स्कार्फ नव्हता, आणि कीथ ते वाक्य साफ विसरला. त्याने नुसता कागद उलगडला आणि वाचायला लागला. शेवटाकडे आला:

“तिच्या बाजूचं बटण मी आधी लावतो,
मग माझं.”

इथे तो किंचित थांबला. छत्रीतून पाणी गळत होतं. मग त्याने उरलेल्या दोन ओळी वाचल्या:

“प्रेम म्हणजे बहुधा एवढंच असतं,
रिकाम्या जागेला ऊब देत राहणं.”

सगळ्यांनी मांडीवरच्या कागदांवरून माना वर केल्या. सगळे त्याच्याकडे बघत होते, शांतपणे, पुढचं काहीतरी येणार असल्यासारखे. कुणी ‘हं’ केलं नाही की टाळी वाजवली नाही. कीथने कागद घडी करून खिशात घातला, कोट उचलला आणि जिना उतरून सरळ रस्त्यावर आला. बसथांब्यावर जाऊन उभा राहिला. बॅग वरच राहिली होती. राहू दे, त्याला वाटलं. माळ्यावर चढवायची मेहनत वाचली.

थोड्या वेळाने बेव्ह बॅग ओढत, कोटाशिवाय, रस्ता ओलांडून आली.

“निघालास कुठे तू? आम्ही वर तुझी वाट बघत बसलोय.”

“माझं वाचून झालं.”

“झालं? मग सांगायचं ना, बाबा. आम्हाला वाटलं, तू टॉयलेटला गेलास. ट्रेव्हर म्हणाला, या वयात वेळ लागतो, घाई करू नका.”

एरवी कीथ हे ऐकून पोट धरून हसला असता, आणि घरी जाऊन पॉलीनला हसवलं असतं. त्याने फक्त विचारलं, “बेव्ह, शेवटच्या कवितेला कुणी हुंकार दिला?”

बेव्हला खोटं बोलता आलं असतं. पण तिला ते कधी जमलं नव्हतं. “मी नाही ऐकला. पण खरं सांगू, मी ऐकतच नव्हते. पुढच्यांची नावं लावत होते. बाकीचेही आपलेच कागद चाळत होते.” ती थोडी घुटमळली. “ऐकायची ती पॉलीन. चल वर, निदान टाळ्या तरी घे.”

“नको. बस आली.”

बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे निकाल लागलाच नाही, असं कीथच्या मनात आलं, आणि पाठोपाठ हेही आलं, की तो आता कधीच लागणार नाही. खोलीभर माणसं बसवली तरी नाही.

त्याने कागद काढला आणि ओठातल्या ओठात कविता पुन्हा वाचली. ‘मग माझं’पाशी आपोआप थांबला. माडीवरही तो इथेच थांबला होता. कशासाठी थांबला होता, ते त्याला आत्ता कळलं.

त्याने पेन्सिल शोधली. गुडघ्यावर कागद ठेवून शेवटच्या दोन ओळी खोडल्या. बस हिसके देत होती, रेघ वाकडी गेली. मग त्याने रिकाम्या बसमध्ये ती कविता मोठ्याने म्हटली, ‘मग माझं’पर्यंत, आणि गप्प झाला.

कविता जमली होती. गळ्याशी ‘हं’ आलंही होतं. त्याने ते गिळलं. ते काम त्याचं नव्हतं.