सुयांचे डाग

सासूबाईंनी मापाची पट्टी सुनेच्या पोटाभोवती वेढली आणि भुवया उंचावल्या. कालच त्यांनी शिवण उसवून कंबर सैल करून दिली होती. आज हूक पुन्हा लागत नव्हता.

"फुगलंय थोडं. पाणी कमी पी."

"आई, लघवीच होत नाहीये. पाठ टेकली की जीव घुसमटतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, असं झालं तर लगेच या."

"त्यांना काय जातंय म्हणायला! आणि हळू बोल, वन्सं निजल्यात तुझ्या."

नणंद आतल्या खोलीत पडून होती. सुनेच्या अंड्यांपासून तयार झालेला गर्भ कालच तिच्या पोटात ठेवला होता. लेकीची कूस उजवावी म्हणून सासूबाईंनी सुनेला गळ घातली, तीही नकाराला जागा न ठेवता. एरवी परक्या घरची असणारी सून त्या दिवसापासून आपल्या रक्ताची झाली. अट एकच होती: लेकीच्या सासरी हे कळता कामा नये. मुलगा कामानिमित्त परगावी होता. त्याने फोनवरून "आई म्हणेल तसं" एवढेच म्हटले होते.

दुपारी सून शिलाईयंत्रावर ओणवी झाली ती उठेचना. शेजाऱ्यांनी तिला उचलून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेले. जावयाच्या घरचे डॉक्टरही तेच.

"काही औषधं, इंजेक्शनं चालू होती?"

"छे हो! अपचन. नाहीतर दिवस गेले असतील," सासूबाई हसून म्हणाल्या.

सुनेला बोलायला श्वास पुरेना. तिने कुर्ता वर केला. तट्ट फुगलेल्या पोटावर, बेंबीच्या दोन्ही अंगांना, हिरवेजांभळे ठिपके होते.

"हे काय?"

"शिवणकाम करते ना. सुया टोचतात."

"पोटाला?"

सुनेने डॉक्टरांची बाही धरली.

"अंडी... दिलीत मी. ह्यांच्या लेकीला."

डॉक्टरांनी तत्काळ रुग्णवाहिका बोलावली. "अंड्यांसाठीच्या इंजेक्शनांनी पोटात पाणी साठलंय, छातीतही असेल. कालच आणायला हवं होतं. सोबत कोण येतंय?"

"घरी लेक एकटी आहे," सासूबाई म्हणाल्या. "तिला ताण चालायचा नाही."

त्या घरी परतल्या, तेव्हा लेक उशीला टेकून बसली होती.

"वहिनी कुठंय?"

"माहेरी गेली. करमत नव्हतं म्हणे."

लेकीची नजर आईच्या खांद्यावरून उंबऱ्याकडे गेली. तिथे वहिनीच्या चपला होत्या.

"अनवाणी?"

"तू पडून राहा बरं. उठायचं नाही म्हणून सांगितलंय तुला."

लेक पलंगावरून उतरली. भिंतीला धरत उंबऱ्यापाशी आली आणि त्या चपलांत तिने पाय घातले.