दोनशे सूर्यांइतका तारा

दुपारी खगोलशास्त्राच्या परिषदेत तिच्या संशोधनावर सरांचं भाषण होतं. शेजारच्या दीर्घिकेतला तो तारा तिनेच हेरलेला, तिनेच तोललेला. सूर्याच्या दोनशेपट जड! त्या दीर्घिकेत एवढा वजनदार कुणाला सापडला नव्हता. आज सर तो आकडा भरसभेत सांगणार होते, तिचं नाव घेऊन.

तिच्या तापलेल्या बाळाला सांभाळायला घरी थांबलेल्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, पिल्लू बरंय हं. ताप सरासरी शंभरच्या आतच."

"सरासरी कशाला काढलीस? प्रत्येक वेळचा सांग."

"बाई गं, थर्मामीटरची सासूच आहेस तू! सकाळी एकशे दोन होता, औषधानं उतरला. आता सत्त्याण्णव. गाढ झोपलंय."

"म्हणजे चढला होता! सरासरीत मला कळलंच नसतं..."

बोलता बोलता तिला आपला तारा आठवला. फोन ठेवून तिने त्याच्या नोंदी उघडल्या.

तारा काही काट्यावर ठेवता येत नाही. त्याचं तेज मोजायचं, प्रकाशाचे रंग फोडून तापमान काढायचं आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधायचा. प्रकाश इतका अंधूक, की एका रात्रीच्या नोंदीत धड काही दिसेना. म्हणून तिने साऱ्या रात्री एकत्र करून सरासरी काढली होती. वर्णपटातल्या, म्हणजे फोडलेल्या रंगांच्या पट्ट्यातल्या, रेषा पसरट आल्या, तेव्हा 'तारा गरागरा फिरत असेल' म्हणून ती मोकळी झाली होती.

आता तिने एकेक रात्र सुटी केली. खरखरीतून रेषा डोकावली: एका रात्री निळ्याकडे सरकलेली, म्हणजे तारा जवळ येतोय; दुसऱ्या रात्री तांबड्याकडे, म्हणजे दूर जातोय; आणि एका रात्री तर चक्क दोन. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे! दोघांचं तेज तिने एकाच्याच नावावर घातलं होतं.

त्या रेषांचे कागद घेऊन ती धावतच सरांच्या खोलीत गेली.

"सर, आपला तारा एक नाहीये. दोन आहेत."

सरांचा टाय अर्धवट बांधलेला. "आत्ता सांगतेस? बरी वेळ साधलीस!"

"चूक माझीच आहे. पण तो आकडा सांगू नका."

सर रेषांकडे बघत राहिले. "मग लोकांना काय सांगू? विक्रम गेला?"

"जोडी सापडली म्हणून सांगा. फेऱ्यांवरून दोघांचं वजन निघेल, अंदाजापेक्षा पक्कं. अजून पुष्कळ रात्री दुर्बीण मिळाली तर."

"मिळाली तर," सर म्हणाले आणि त्यांनी टाय सोडून टाकला. "हे मला समजावता यायचं नाही. तूच बोल आज."

ती खुर्ची ओढून बसली, सरांच्या भाषणाचा कागद पुढ्यात घेतला आणि त्यातला पहिला आकडा, दोनशे, खोडू लागली.