ठकीच्या रक्तातला आकडा

ठकी आठ दिवसांची झाली त्या सकाळी दवाखान्यातून फोन आला. तिच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात काहीतरी जास्त निघालं होतं; बाळाला लगेच घेऊन या म्हणाले. ठकीची आई घड्याळं दुरुस्त करायची. टाचणीच्या डोक्याएवढं चाक बसवताना तिचा हात कधी हलला नव्हता, पण त्या दिवशी तिला दुपट्याची गाठ मारता येईना. बाप बसचालक, पाळी अर्धी टाकून आला.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावलं. दुधात प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. त्यांचे प्रकार वीस. पोटात ती साखळी सुटते आणि त्याच तुकड्यांतून शरीर स्वतःची प्रथिनं जोडतं, स्नायूंची, कातडीची, केसांची. त्यातलं फिनिलअलानिन नावाचं एक आम्ल गरजेपेक्षा जास्त झालं, की ठकीच्या शरीराला ते मोडता येत नव्हतं. ते साचत गेलं तर मेंदूला इजा होते. पण वेळेत कळलं होतं.

"माझ्या खाण्यात काही आलं का?" आईने विचारलं. बाई म्हणाल्या, छे, हा दोष जन्मतःच दोघांकडून आलेला; तुम्हाला कळायला मार्गच नव्हता.

ते आम्ल वगळून केलेली दुधाची पावडर मिळाली. अंगावर पाजणं बंद. चार दिवस आई यंत्राने दूध काढून फ्रीजरमध्ये ठेवत राहिली आणि ठकी बाटलीपुढे तोंड वेंगाडत राहिली. आई बोलेनाशी झाली. ती निदान ओरडेल तरी, म्हणून बापाने मुद्दाम भांडण उकरून काढलं. ती ओरडली नाही. मग तोच मुकाट्याने भांडी घासायला उठला.

पाचव्या दिवशी दवाखान्यात पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा त्या आम्लाचा आकडा खाली आला होता. बाई म्हणाल्या, "आजपासून थोडं अंगावर पाजा."

आईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "पण तेच तर तिला चालत नाही ना?"

"जास्त चालत नाही. पण हे आम्ल शरीराला बनवता येत नाही, बाहेरूनच यावं लागतं. मुळीच मिळालं नाही तर ती वाढणार कशी? आधी मोजून पावडर, मग तुमचं दूध. दर आठवड्याला रक्त तपासत राहू."

आईने तिथेच खुर्चीत आधी मोजलेल्या पावडरची बाटली पाजली आणि मग ठकीला पदराखाली घेतलं. ठकीने क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि चुटूचुटू प्यायला लागली. बापाने विचारलं, ही शाळेत जाईल ना? बाई म्हणाल्या, पथ्य जन्मभर सांभाळलंत तर इतर मुलांसारखीच जाईल. तेवढं ऐकून तो बाहेर बाकावर जाऊन बसला आणि मनसोक्त रडला.