उजवा कौल

आंघोळ करून सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय क्षमा लॅपटॉप उघडत नसे. तिच्या प्रबंधातला तारा सूर्य नव्हता, सूर्याच्या दीडपट होता. पण इतक्या लांबच्याला पाणी पोचवायचं कसं, म्हणून ती जवळच्यालाच वाहायची.

इब्रामपूरच्या घरी बसून ती त्या ताऱ्याच्या पोटात काय उकळतं त्याचं गणित संगणकाला घालायची. तापलेला वायू वर येतो, निवून खाली जातो आणि जाता-येता चुंबकीय क्षेत्र ओढतो, पिळतो. आकडेमोड पुण्यातल्या मोठ्या संगणकावर चाले, एका खेपेला चार दिवस. या खेपेला तारा उलटा आला. उत्तर ध्रुव हवा तिथे दक्षिण.

मार्गदर्शक मधुकरसरांचा फोन आला.

"माझ्या निबंधात दिलंय, क्षेत्राची दिशा ताऱ्याच्या फिरण्यावरून ठरते. तुझा तारा माझ्या ताऱ्याच्याच दिशेने फिरतो ना?"

"हो सर."

"मग चूक तुझी. संगणकावर एकाच खेपेचा वेळ उरलाय. चूक मिळाली नाही, तर प्रबंधातलं हे प्रकरण काढून टाकू."

ते प्रकरण म्हणजे तिची तीन वर्षं.

दोन दिवस तिने ओळ न ओळ तपासली. चूक मिळेना. तिसऱ्या दिवशी तिची आई शेवंती कुणाला न सांगता देवळात देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवून कौल लावून आली. आली ती हसतच.

"उजवी पाकळी पडली गो! देवान कौल दिल्यान."

"विचारलंस काय?"

"ह्या ताऱ्याच्या कामात चूक आसा काय, म्हणान."

"आई, उजवी म्हणजे होय."

शेवंतीचं हसू मावळलं. हातातला प्रसाद तिने खाली ठेवला, मग पुन्हा उचलला.

"पण चूक कोणाची, ता मी खंय इचारलंय?"

देवाच्या शब्दात किंतु काढायचा नाही, हा क्षमाचा नेम. तेव्हा चूक आहे, हे ती धरून चालली. आपल्याकडे ती मिळाली नाही. उरले सर. त्यांच्या निबंधाच्या जुन्या फायली पुण्याच्या त्याच संगणकावर होत्या, पण तिने आजवर उघडल्या नव्हत्या. तो उद्धटपणा झाला असता. आता मनातल्या मनात क्षमा मागून उघडल्या.

आकडेमोड सुरू करताना ताऱ्यात चिमूटभर चुंबकत्व घालावं लागतं, दुधात विरजण घालावं तसं. सरांच्या विरजणाचं चिन्ह अधिक होतं, तिच्याचं उणे.

उरलेली खेप तिने त्यातच घालवली. बाकी कशाला हात लावला नाही, फक्त उणेचं अधिक केलं. चार दिवसांनी तारा आला तो थेट सरांच्या ताऱ्यासारखा.

तिने फोन लावला. "सर, फिरणं तेच ठेवलं. सुरुवातीच्या चुंबकत्वाचं विरजण बदललं की दिशा बदलते. ती फिरण्यावरून ठरत नाही."

पलीकडे कळफलकाची टकटक झाली, सर आपली जुनी फाईल उघडत होते.

"प्रकरण राहू दे," सर शेवटी म्हणाले. "माझ्या निबंधाचा उल्लेख करणार?"

"करावाच लागेल, सर."

"चूक आहे म्हणून?"

"हो सर. पण हळू आवाजात लिहिते."