शेकोटीचा चार्ज

आमच्या गेमचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. आम्ही त्याला 'वस्ती' म्हणतो. मोबाइलवर खेळायचा. रानात सगळ्यांनी मिळून गाव वसवायचं, शेतं करायची आणि वेशीवरची शेकोटी विझू द्यायची नाही. विझली की रानडुकरं येतात आणि उभं पीक लोळवून जातात. म्हणून शेकोटीत सारखं लाकूड टाकायला दिवसरात्र कोणीतरी हवं.

"डुकरंच हाकायची होती तर आपल्या हिंगोलीत काय कमी होती?" असं माझा नवरा गणराज म्हणतो. म्हणू दे. क्रिकेटच्या पलीकडे त्याला खेळ कळत नाही.

बाकीच्यांची गावं पहाटे उद्ध्वस्त व्हायची, कारण माणसं झोपतात. आमचं कधी झालं नाही, कारण आम्ही बहुतेक चाकणच्या कंपन्यांतले. आमच्यात कोणी ना कोणी, कुठल्या ना कुठल्या शिफ्टमधून सुटून जागं असतंच. शेकोटीलाही आम्ही शिफ्ट लावल्या आणि कंपनीचाच नियम लावला: रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. पुढचा माणूस येऊन 'चार्ज घेतला' म्हणाला की मगच आपण सुटायचं. आमच्या शेकोटीची कीर्ती ऐकून नाशिकची, कोल्हापूरची, कुठली कुठली अनोळखी माणसं आमच्या गावात राहायला आली. मला त्याचा फार अभिमान होता, आणि अभिमान वाटावा अशा माझ्याकडे तशा फार गोष्टी नाहीत.

माझ्या आधीच्या शिफ्टला शेकोटीवर मुरारीमामा असायचे. कुरुळीचे, कंपनीत पत्रा दाबतात त्या प्रेस शॉपमधून निवृत्त झालेले. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, फक्त गेममधला आवाज ओळखते. चार्ज देता देता आमच्या गप्पा रंगायच्या. त्यांच्या वाफ्यात आडवं पडलेलं वांग्याचं रोप, माझ्या वायरिंगच्या लाइनवरची खडूस सुपरवायझर, त्यांच्या सुनेचे रुसवे, सगळं त्यात यायचं. सासूशी भांडून मी उपाशी होते, तेव्हा "पोरी, जेवलीस का?" असं विचारणारे ते एकटेच. या चाकणच्या पट्ट्यात येऊन इतकी वर्षं झाली, पण आपलं म्हणावं असं मला हे एकच माणूस मिळालं.

मग गेमचं अपडेट आलं. शेकोटी आपोआप जळू लागली.

पिंपळे सौदागरला राहणारा आणि आयटीत काम करणारा रणजीत हा आमच्या गावाचा पाटील. त्यानं लगेच मेसेज टाकला की, मंडळी, आता निवांत झोपा, शेकोटी ऑटोमॅटिक झाली. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. त्या आठवड्यात मी सकाळी मनसोक्त लोळले.

नंतर एकदा सहज गेम उघडला तर पिकं हिरवीगार, कोठारं भरलेली आणि गावात चिटपाखरू नाही. कोल्हापूरवाल्यांनी आपलं वेगळं गाव केलं होतं. आपल्याच दारात शेकोटी आपोआप जळत असेल तर दुसऱ्याच्या गावात कोण राहील? गरज सरो, वैद्य मरो म्हणावं, तर इथं मेलं कोणीच नव्हतं. कोणाचं काही जळालं नाही, लुटलं गेलं नाही, सगळ्यांचं भलंच झालं. तरी गाव ओस पडलं. मला राग आला होता, पण तो कोणावर काढायचा तेच कळेना.

मी मुरारीमामांना फोन लावला.

"काय मग, मामा?"

"काय न्हाई. तुझं?"

"माझंही काही नाही."

मग दोघंही एकदमच म्हणालो, ठेवू का? फोन ठेवल्यावर मी घाबरले. पूर्वी वेळ नसायचा आणि बोलणं संपायचं नाही. आता वेळच वेळ होता, तर शब्द सुचेना. मला हे माणूस गमवायचं नव्हतं, आणि ते नेमकं कशापायी हातातून सुटतंय तेही समजत नव्हतं.

पुढच्या सेकंड शिफ्टच्या दिवशी डबा भरून झाल्यावर मी पुन्हा गेम उघडला. मामा वेशीवर उभे होते, खांद्यावर लाकडाची मोळी.

"मामा, अपडेट वाचलं नाही का तुम्ही?"

"वाचलं की."

"मग हे काय करताय?"

"तू आली न्हाईस ना. चार्ज कुनाला द्यायचा?"

"अहो, शेकोटी आपली आपण जळतेय."

"ते मला बी दिसतंय," मामा म्हणाले. "रोज हुभा ऱ्हातो. फोनची बॅटरी संपती आन् तसंच जावं लागतं. जनमभर कदी मशीन सोडून गेलो न्हाई मी. बरं न्हाई वाटत."

हसावं की रडावं तेच मला कळेना. त्यांना समजावायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेले.

"चार्ज घेतला, मामा. सुटा तुम्ही."

"घेतलास? बेस झालं," ते म्हणाले, आणि मग वांग्यांना कीड लागल्याचं, सून माहेरी गेल्याचं, असं सगळं साचलेलं भडाभडा बोलून गेले. मीही बोलले. मग ते जेवायला उठले, आणि मी वेशीवर एकटी उरले.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की चार्ज आता माझ्याकडे आहे. कंपनीची बस सांगवीच्या कोपऱ्यावर यायची वेळ झाली होती आणि कंपनीत गेटवर मोबाइल जमा करावा लागतो. गेम बंद केला असता तर डुकरं येणार नव्हती. काहीच होणार नव्हतं. तरी बोट पुढे जाईना. मी वेड्यागत रणजीतला फोन केला.

"रणजीतभाऊ, माझा रिलीव्हर आला नाही."

"कसला रिलीव्हर, अनिताताई? ऑटोमॅटिक आहे ना आता."

"माहीत आहे."

"मग मी येऊन करू काय?"

बोलत बोलत मी कोपऱ्यावर पोचले, तर बस वळताना दिसली.

"ते मला विचारू नका," मी म्हणाले. "तुम्ही आधी या. मला जायचंय."