कॉम्प्युटरची वाचा बसली

सकाळी सव्वाअकराला प्रांजल धुरीने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला आणि तो काहीच बोलला नाही.

प्रांजलची दृष्टी चौदाव्या वर्षी गेली. आता ती सत्तावीस वर्षांची होती. तिच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा प्रोग्राम होता आणि त्याचा आवाज हाच तिचा पडदा. आवाज नाही म्हणजे समोर नुसता गरम डबा.

आणि एक वाजता चाचणी होती. नोकरीची. वेबसाइट अंध माणसाला नीट वापरता येते की नाही, हे तपासायचं काम. तिने आपल्या कॉम्प्युटरवर एक साइट तपासून दाखवायची, समोरच्यांनी ऑनलाइन ऐकायचं. फोनवरून चालणार नाही, असं मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. चार महिन्यांत आलेलं हे पहिलं बोलावणं.

"वाट लागली!" ती एकटीच ओरडली. आई कामावर गेली होती. सकाळी कॉम्प्युटरने अपडेट करू का विचारलं होतं आणि हिने मोठ्या उत्साहात हो म्हटलं होतं. चाचणीच्या दिवशी! कोणी सांगितलं होतं?

पण रडत बसायची तिची सवय नव्हती. तिने स्पीकरची वायर काढून फोनला लावली. गाणं दणक्यात वाजलं. स्पीकर ठीक. मग कॉम्प्युटरला हेडफोन लावला. गप्प. म्हणजे बिघाड आतला. तिने कीबोर्डवरूनच टर्मिनल उघडलं, म्हणजे नुसत्या अक्षरांत हुकूम द्यायची काळी खिडकी. हुकूम देता येत होते, उत्तर वाचता येत नव्हतं. अक्षरं वाचून दाखवणारा फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरला, तर खिडकीतल्या उजेडाची चकाकी पडून फोन भलतंच काही बडबडायला लागला.

तेवढ्यात गल्लीतून हाक आली, "ए, सुरमय घ्या, बांगडं घ्या, कोलबी ताजी हाय!"

सगुणामावशी. कोळीवाड्यातून टेंभीपाड्याच्या चाळींत रोज मासे घेऊन येणारी. प्रांजल दाराकडे धावली.

"मावशी, तुला इंग्रजी वाचता येतं?"

"मना?" मावशी पाटी उतरवत हसली. "एबीशीडी येते. पोरांचा अभ्यास घेतलाय मी. पन अर्थ नको इचारू."

"अर्थ मी बघते. तू फक्त अक्षरं सांग. ये ना आत, लवकर!"

"अगो, बर्फ वितळंल."

"फ्रीजमध्ये ठेव सगळं. आईला मी सांगेन."

मावशीने पाटीतली सुरमई खरंच फ्रीजमध्ये कोंबली, पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. प्रांजलने पहिला हुकूम टाइप केला: आवाज काढणारी साउंड कार्डं कुठकुठली आहेत, सांग.

"आलं काहीतरी," मावशी म्हणाली. "एन, ओ. मंग जागा. एस, ओ, यू, एन, डी, शी, ए, आर, डी, एस..."

"नो साउंडकार्ड्स!" प्रांजलने कपाळावर हात मारला, पण आवाजात आनंद होता. "म्हणजे त्याला कार्ड सापडतच नाही. आता बघू, आत कार्ड आहे तरी का."

दुसरा हुकूम. मावशी एकेक अक्षर सांगत गेली. ऑडिओ डिव्हाइस, हे शब्द जुळले.

"कार्ड आहे! मेलं नाही! त्याखाली ड्रायव्हर असं काही लिहिलंय? डी, आर, आय?"

"नाय. कुटंच नाय."

"मग तेच! कार्ड जागेवर आहे, त्याला चालवणारा ड्रायव्हर नाही."

"गाडी हाय, डायवर पलाला?"

"अगदी तेच!"

मावशीला आता चेव आला. ती खुर्ची आणखी पुढे सरकवून पडद्याला नाक लावून बसली. प्रांजलने ड्रायव्हर हाताने सुरू करायचा हुकूम दिला, पासवर्ड टाकला. मावशी वाचू लागली आणि मध्येच अडली. "एस, एन, डी... आनि मंग त्याचं नाव मना येत नाय."

"दिसतं कसं?"

मावशीने तिचा हात ओढून तळव्यावर ओल्या बोटाने एक आडवी रेघ ओढली. माशांचा वास नाकात भरला.

"वर की खाली?"

"खाली. जमिनीवर निजलेली."

"बरोबर, अंडरस्कोर. पुढे?"

पुढे एच, डी, ए आलं, पुन्हा निजलेली रेघ, मग इंटेल, आणि शेवटी एन, ओ, टी, एफ, ओ, यू, एन, डी. सापडला नाही. कुठल्या फोल्डरमध्ये शोधला, तेही लिहिलं होतं. प्रांजलने त्यातले आवृत्तीचे आकडे दोनदा वाचून घेतले. अपडेटमध्ये कॉम्प्युटरचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा बसला होता, आणि आवाजाचा ड्रायव्हर ज्या जादा पॅकेजात असतो, ते पॅकेज त्याच्यासोबत आलंच नव्हतं. अपडेट अर्धवट. तिला टाळी वाजवावीशी वाटली. चूक सापडली होती!

फोन म्हणाला, बारा वाजून वीस मिनिटं.

इंटरनेट वायरचं होतं, ते चालू असणार. तिने पॅकेज मागवायचा हुकूम टाइप केला.

"लाल अक्षरं आली," मावशी घाबरून म्हणाली. "ई. कोलन. शी, ओ, यू, एल, डी..."

"एल ओ सी के आहे का कुठे?"

"हाय हाय. लॉक."

मागे गुपचूप दुसरं अपडेट चालू होतं, आणि ते दार अडवून बसलं होतं. ते मध्येच मारलं तर आणखी काही मोडायची भीती. थांबायचं, एवढंच हातात. प्रांजल उठून खोलीत फेऱ्या मारायला लागली. तीन पावलं इकडे, तीन तिकडे.

"बस गो. तुझ्या फेऱ्यांनी तो लवकर उटनार हाय का?"

"मावशी, ही नोकरी मला पाहिजे गं. सगळे म्हणतात, तू घरात बसून काय टकटक करतेस. मला येतं हे काम. खरंच येतं."

"दिसतंय ना मना," मावशी म्हणाली. "आंधल्यासारखी तर मी बसलेय इथं, काय लिवलंय ते कलत नाय. तुला न बगता कलतंय."

पाच मिनिटांनी पुन्हा हुकूम. पुन्हा लाल. बारा चाळीसला तिसऱ्यांदा.

"लाल नाय," मावशी म्हणाली. मग एकदम किंचाळली, "अगो, आकडं धावतात! चाललाय! बावीस टक्के... एक्केचाळीस... अडकला. नाय नाय, चालला! शंभर!"

दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. प्रांजलने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पंखा घुरघुरला. शांतता. एवढा वेळ लागतो का? आधी किती लागायचा? तिला आठवेना.

आणि मग चोंदलेल्या नाकाने बोलणाऱ्या बाबूसारखा तो सपाट, नावडता आवाज खोलीत घुमला, "स्क्रीन रीडर चालू."

"आला!" प्रांजल उड्या मारायला लागली. "आला, आला, आला!"

मावशी दचकून खुर्चीतून उठली होती. "आयला! ह्यो माणूस रोज तुझ्या घरात बोलतो?" आणि तीही हसत सुटली. फ्रीजमधली सुरमई काढून पाटी डोक्यावर चढवताना म्हणाली, "जा, काम घेऊन ये. मी समोरच्या चाळीत जाते, तितली गिराईकं बोंबलत असतील."

एक वाजून दोन मिनिटांनी प्रांजल ऑनलाइन पोचली. स्वरदा नावाच्या बाई चाचणी घेणार होत्या. "सॉरी मॅडम, उशीर झाला," प्रांजल धापा टाकत म्हणाली, "साउंडचा ड्रायव्हर गेला होता, आत्ताच बसवला."

"स्क्रीन रीडर बंद असताना?" त्यांनी विचारलं. "कसा?"

प्रांजलने सांगितलं. तळहातावरच्या रेघेपर्यंत सगळं. पलीकडे कोणीतरी मोठ्याने हसलं, मग बाई म्हणाल्या, "बरं, आता आमची साइट उघडा."

साइटवर अर्ज पाठवायच्या बटणाला नावच नव्हतं. आवाज नुसता "बटण, बटण, बटण" म्हणत होता. प्रांजलने पहिल्या चार मिनिटांत ते पकडलं, आणि मग एकामागून एक अकरा चुका काढल्या. पाऊण तासाची चाचणी दीड तास चालली. मध्ये एकदा बाई म्हणाल्या, "जरा हळू, मी लिहून घेतेय."

गुरुवारी दुपारी फोन आला. पहिल्या तारखेपासून कामावर या. आईला फोनवर सांगताना प्रांजल इतकी भरभर बोलत होती, की आईने दोनदा विचारलं, "बाय माझे, नेमका काय झाला?"

शुक्रवारी सगुणामावशीने गल्लीच्या तोंडाशीच बातमी ऐकली. हाक द्यायची विसरून ती थेट प्रांजलच्या दारात आली, पाटी उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाली, "मना एक सांग. त्या एच, डी, ए चा अर्थ काय हाय?"

प्रांजलने तिला आत बसवून सांगायला सुरुवात केली. बाहेर गिऱ्हाइकं हाका मारत राहिली.