बारा सेकंदांचं पाणी

किशनरावांनी वजाबाकी केली आणि बुद्धवाड्याचं पाणी गेलं.

"दोन तास सत्तावीस मिनिटं," कागदावर रेघ ओढत ते म्हणाले. "तेरा मिनिटं कमी पडली, साहेब."

ओव्हरसियर मल्लिकार्जुन साहेबांनी मान हलवली. चाचणीच्या इंजिनानं बोअरमधून सलग दोन तास चाळीस मिनिटं पाणी ओढलं तर हातपंप बसायचा. त्याआधी पाणी तुटून नुसता फेस आला, तर जमिनीतले पाइप उपसून पुढच्या गावाला न्यायचे. ट्रक तयारच होता. लातूर जिल्हा होऊन वर्षसुद्धा भरलं नव्हतं, वर हा दुष्काळ. ही गाडी उन्हाळ्यात पुन्हा फिरकणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

किशनरावांवर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती. नांदेडच्या स्टँडवर अठ्ठावीस वर्षं एस.टी.च्या गाड्या सोडलेला माणूस. गावात लग्नाच्या अक्षता पडायच्या त्यासुद्धा त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघून. इंजिनवाल्या मलप्पानं उजाडायच्या आत इंजिन सुरू केलं तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरवरचा आकडा त्यानं खडूनं टाकीवर उतरवला, ४१२.३८. फेस येऊन इंजिन थांबलं तेव्हा आकडा होता ४१५.०५. हिशेब करायला मग किशनराव आले, आणि त्यांनी तो जन्मभर केला तसाच केला.

"चल माय," सासू साखराबाई सिंधुला म्हणाली, "उन्हं चढायच्या आत झिऱ्यावर जाऊ." झिरा म्हणजे मन्याड नदीच्या वाळूत खणलेला खड्डा, दीड कोसावर. साखराबाईचे गुडघे तिथं जाऊन जाऊनच गेले होते.

सिंधु हलली नाही. हदगावच्या शाळेतून दहावी झालेली ही सून एरवी चार माणसांत बोलत नसे, पण आज तिचं डोकं तापलं होतं. सकाळी घागर घेऊन जाताना तिनं मीटर पाहिलं होतं. तेव्हा आकडा होता ४१३.८७.

"मामा," ती पुढं झाली, "नांदेडची कोणती गाडी आठ वाजून सत्त्याऐंशी मिनिटांनी सुटती?"

कुणीतरी हसलं. किशनरावांच्या भिवया वर गेल्या. "साठाच्या पुढं मिनिट ऱ्हातंय का पोरी?"

"न्हाई ना? मग मी सकाळी मीटरवर टिंबाच्या पुढं सत्त्याऐंशी बघितले ते काय हुते? ती मिनिटं न्हाईत मामा. ह्या मीटरनं तासाचे शंभर तुकडे केलेत. तुम्ही उसनं घेताना साठ घेतले, शंभर घ्यायचे हुते."

"तू बघितलंस. अजून कुणी?"

दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं. साखराबाई तिचा पदर ओढू लागली. सिंधुनं तो सोडवून घेतला.

"मलप्पाभाऊ, पंपाचा पट्टा उतरवा आन् नुसतं इंजिन चालवा. मामा, सेकंदकाटा तुम्हीच बघा. शेवटचा आकडा बदलायला साठ सेकंद लागले, तर मी चूक. छत्तीस लागले, तर तासाच्या छत्तीसशे सेकंदांचे शंभर तुकडे."

साहेबांनी हातानंच खुणावलं. इंजिन धडधडलं. मीटरवर सहा आला तशी सिंधु ओरडली, "आता!" किशनराव घड्याळाला डोळे लावून मोजू लागले. दहा. वीस. तीस. सिंधुला आता भीती वाटत नव्हती. तिला फक्त तो आकडा लवकर यायला हवा होता.

"सात आला!" मलप्पा म्हणाला.

किशनरावांचा काटा छत्तिसावर होता. खिशातून पेन काढून त्यांनी आपलं उत्तर खोडलं आणि शंभर उसने घेऊन वजाबाकी पुन्हा मांडली. २.६७.

"दोन तास तर झाले," सिंधु म्हणाली. "सदुसष्ट शतांशाला साठानं गुणा. चाळीस मिनिटं, वर टिंब दोन. त्या टिंब दोनला पुन्हा साठानं गुणा."

किशनरावांनी गुणलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मग ते उभे राहिले आणि नांदेडच्या स्टँडवर गाडी पुकारायचे त्या आवाजात म्हणाले, "बुद्धवाड्याचा बोअर! दोन तास, चाळीस मिनिटं, बारा सेकंद! चूक माझी हुती, साहेब. हिशेब ह्या पोरीचा खरा हाय."

मल्लिकार्जुन साहेबांनी कागद स्वतः तपासला आणि सही केली. ट्रकवाल्याला म्हणाले, "पाइप उपसायची साखळी काढ. पाइप इथंच राहतील."

साखराबाईला काहीच उमगलं नव्हतं. "किती जास्त भरलं गं?"

"बारा सेकंद, आत्या."

"म्हंजे किती?"

सिंधुनं क्षणभर विचार केला. "तुम्ही झिऱ्यावर भरली घागर उचलून डोक्यावर घेता ना, तेवढा येळ."

साखराबाईनं हातातल्या रिकाम्या घागरीकडं पाहिलं. मग ती बोअरच्या तोंडाशी नीट ठेवली, तिथंच मातीत बसली आणि गुडघ्यांवर हात ठेवून रडू लागली.